एकट्या नायिकेचा प्रश्न : ॲनिमेशनपट, दूरचित्रवाणी मालिका व कुमार कादंबरी यांची स्त्रीवादी चिकित्सा

प्रस्तावना :

लोकप्रिय संस्कृतीतील स्त्रीप्रतिमांचा विचार करताना सामान्यतः नायिकेच्या स्वभावाकडे लक्ष दिले जाते. ती सोशिक आहे की बंडखोर, राजपुत्राची वाट पाहते की स्वतः शस्त्र हाती घेते, यावरून कलाकृती पुरोगामी अथवा परंपरानिष्ठ ठरविली जाते. हा निकष उपयुक्त असला तरी अपुरा आहे. नायिका धीट होते, परंतु तिच्या भोवतीचे कथाविश्व पुरुषांचेच राहते, असे अनेक कृतींत आढळते. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील डिस्ने व पिक्सार यांचे ॲनिमेशनपट, ‘बफी द व्हॅम्पायर स्लेअर’ ही मालिका आणि ‘द हंगर गेम्स’ ही कादंबरीमाला यांच्या आधारे नायिकेच्या या एकटेपणाची चिकित्सा केली आहे.

सैद्धांतिक भूमिका :

लॉरा मल्व्ही यांनी १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात चित्रपटातील स्त्री ही पुरुषी नजरेचा विषय म्हणून कशी मांडली जाते, हे दाखवून दिले. ॲलिसन बेक्डेल यांच्या चित्रमालिकेतून १९८५ मध्ये एक साधी कसोटी पुढे आली : कथेत किमान दोन स्त्रिया असाव्यात, त्या एकमेकींशी बोलाव्यात आणि ते बोलणे पुरुषाखेरीज अन्य विषयावर असावे. १९९१ मध्ये केथा पॉलिट यांनी ‘स्मर्फेट तत्त्व’ ही संज्ञा मांडली. पुरुषपात्रांच्या समूहात एकच स्त्रीपात्र असते आणि तिचे बाईपण हीच तिची ओळख ठरते, असा त्याचा आशय आहे. बेल्जियन चित्रकार पेयो यांच्या मूळ चित्रकथेत स्मर्फेटची निर्मितीच खलनायक गार्गामेल स्मर्फांत कलह माजविण्यासाठी करतो, ही बाब येथे सूचक ठरते. मल्व्ही यांचा प्रश्न ‘स्त्री कशी दिसते’ हा आहे. बेक्डेल व पॉलिट यांचा प्रश्न ‘तिच्यासोबत आणखी कोण आहे’ हा आहे. या दुसऱ्या प्रश्नाकडे तुलनेने कमी लक्ष गेले आहे.

ॲनिमेशनपट : आवाज कोणाचा?

‘स्नो व्हाइट’ (१९३७), ‘सिंड्रेला’ (१९५०) व ‘स्लीपिंग ब्यूटी’ (१९५९) या चित्रपटांच्या नायिका निष्क्रिय, तर ‘द लिटल मर्मेड’ (१९८९), ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ (१९९१) व ‘मुलान’ (१९९८) यांच्या नायिका सक्रिय, असा विकासक्रम सर्वसाधारणपणे सांगितला जातो. भाषाभ्यासक कार्मेन फॉट व कॅरेन आयझेनहावर यांनी या चित्रपटांतील संवादांची मोजणी केली. २०१६ मध्ये समोर आलेल्या त्यांच्या निष्कर्षांनी या विकासक्रमाला धक्का दिला. ‘स्लीपिंग ब्यूटी’त सुमारे ७१ टक्के बोलणे स्त्रीपात्रांचे आहे. उलट ‘द लिटल मर्मेड’मध्ये ६८ टक्के, ‘ब्यूटी अँड द बीस्ट’मध्ये ७१ टक्के, तर ‘मुलान’मध्ये ७७ टक्के बोलणे पुरुषपात्रांचे आहे.

या विसंगतीचे कारण नायिकेत नसून तिच्या परिवारात आहे. एरियलला पिता, मित्र व उपदेशक आहेत, आई नाही. बहिणी नाममात्र आहेत. मनुष्यरूप मिळविण्यासाठी ती आपला आवाज गहाण टाकते, हे कथानक या आकड्यांशेजारी ठेवले असता वेगळाच अर्थ प्राप्त करते. मुलानला आई व आजी आहेत. मात्र तिचा पराक्रम घडतो तो पुरुषांच्या सैन्यात आणि पुरुषवेषात.

अर्थात, केवळ मोजणीवर विसंबणेही योग्य नव्हे. ‘स्लीपिंग ब्यूटी’त बोलतात त्या प्रामुख्याने तीन पऱ्या आणि मॅलेफिसेंट; राजकन्या मात्र निद्राधीन असते. म्हणून स्त्रिया किती बोलतात आणि निर्णय कोण घेते, हे दोन्ही प्रश्न एकत्रितपणे विचारणे क्रमप्राप्त ठरते. या दुहेरी कसोटीवर ‘ब्रेव्ह’ (२०१२) उतरतो. येथे संघर्षही आई-मुलीतला आहे आणि समेटही त्यांच्यातलाच. कथेचा शेवट विवाहाने होत नाही. ‘फ्रोझन’मध्ये (२०१३) खऱ्या प्रेमाची कृती एक बहीण दुसरीसाठी करते. तरीही याच चित्रपटात ५९ टक्के बोलणे पुरुषपात्रांचे आहे.

पडद्यामागील वास्तवही दुर्लक्षिता येत नाही. ‘ब्रेव्ह’ची मूळ कल्पना मांडणाऱ्या ब्रेंडा चॅपमन यांना निर्मिती सुरू असतानाच दिग्दर्शनावरून दूर करण्यात आले, नंतर ऑस्करमध्ये मात्र त्यांचा वाटा मान्य झाला. २०१३ मध्ये डिस्नेने मेरिडाला राजकन्यांच्या विक्रीमालिकेत आणताना तिचे रूप अधिक सडपातळ व झगमगीत केले आणि तिचे धनुष्य काढून घेतले. चॅपमन यांनी जाहीर निषेध केला व विरोधाच्या निवेदनावर दोन लाखांहून अधिक स्वाक्षऱ्या झाल्या. कथेने दिलेले स्वातंत्र्य बाजार कसे परत घेतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

दूरचित्रवाणी मालिका : एकटेपणाचा नियम

१९९७ ते २००३ या काळात प्रक्षेपित झालेल्या ‘बफी’ मालिकेने नायिकेच्या एकटेपणालाच कथाविषय बनविले. प्रत्येक पिढीत एकाच मुलीला पिशाचांशी लढण्याची शक्ती लाभते, हा मालिकेचा मूलभूत नियम. सातव्या पर्वात हा नियम निसर्गदत्त नसून प्राचीन काळच्या काही पुरुषांनी तो लादला, असे उघड होते. अखेरच्या भागात बफी तो नियम मोडते. तिची मैत्रीण विलो मंत्रसामर्थ्याने ती शक्ती जगभरच्या पात्र मुलींमध्ये जागृत करते. असामान्य स्त्रीचा गौरव करणे आणि ती असामान्य का ठरते हे विचारणे, यांतील अंतर ही मालिका पार करते.

तथापि, मालिकेचे निर्माते जॉस व्हीडन यांच्यावर अभिनेत्री करिश्मा कार्पेंटर यांनी २०२१ मध्ये अधिकाराच्या गैरवापराचे आरोप जाहीरपणे केले. आपल्यावरील काही आरोप व्हीडन यांनी पुढे नाकारले. त्यामुळे संहितेतील स्त्रीवाद हा निर्मितीस्थळावरील समतेचा पुरावा मानता येत नाही.

कुमार कादंबरी : नजर आणि नाते

सुझान कॉलिन्स यांच्या ‘द हंगर गेम्स’ (२००८) या कादंबरीत मल्व्ही यांनी वर्णिलेली नजर हीच जुलमाचे साधन बनते. बारा प्रांतांतील चोवीस मुलामुलींची जीवघेणी स्पर्धा दूरचित्रवाणीवरून दाखविली जाते. प्रेक्षकांना आवडावे म्हणून कॅटनिसचे शरीर सजविले जाते. मदत मिळावी म्हणून तिला प्रेमाचा देखावा करावा लागतो. तिचे खरे निर्णय मात्र या देखाव्याबाहेरचे आहेत. धाकट्या बहिणीऐवजी ती स्वतः पुढे होते; बारा वर्षांच्या रूच्या मृतदेहावर फुले वाहते. नियमानुसार रू तिची प्रतिस्पर्धी असते. कॅटनिस तिला बहीण मानते. सत्तेला धक्का बसतो तो या नात्यामुळे.

‘मॉकिंगजे’ (२०१०) या भागात लेखिका आणखी पुढे जाते. बंडाची नेती अल्मा कॉइन सत्तेवर येताच शत्रूच्या मुलांसाठी तसाच खेळ पुन्हा भरवू पाहते आणि कॅटनिसचा बाण तिच्यावर सुटतो. सत्तास्थानी स्त्री आली म्हणजे सत्तेचे स्वरूप बदलले असे नव्हे, हे कुमारवाचकांना इतक्या स्पष्टपणे सांगणारी कादंबरी विरळाच.

समारोप :

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, धाडसी नायिका ही स्त्रीवादी कथेची सुरुवात आहे, सिद्धता नव्हे. शंभर पुरुषांत एकीला तलवार देणे व्यवस्थेला परवडते. अशी एकटी स्त्री नियमाला अपवाद ठरते आणि अपवादाने नियम अधिकच पक्का होतो. स्त्रियांचे परस्परांशी नाते, त्यांचे आपसातील बोलणे आणि त्यातून घडणारे निर्णय कथेच्या केंद्रस्थानी आले, तरच त्या नियमाला तडा जातो. वर्गात या कृतींची चर्चा होते तेव्हा ‘नायिका कशी आहे?’ या प्रश्नापाशी न थांबता ‘तिच्या शेजारी कोण उभी आहे?’ हाही प्रश्न विचारला जाणे अगत्याचे आहे.