पुटिका ‘फुटतात’ का?

कामथडीला काही विज्ञान शिक्षकांशी गप्पा चालल्या होत्या. चेतापेशींचा विषय निघाला आणि मी सवयीने फळ्यावर लिहिले : ‘संदेश आला की पुटिका फुटतात व रसायन बाहेर पडते.’ मागून एका बाईंनी विचारले, “सर, सारख्या फुटत असतील, तर उरतात कशा?” मी हसून वेळ मारून नेली. खरे म्हणजे बाईंचा प्रश्न बरोबर होता आणि माझे वाक्य चूक. तेच वाक्य आणि तीच एका बाणाची आकृती आपण वर्षानुवर्षे गिरवत आहोत.

पुटिका फुटत नाही. साबणाचे दोन फुगे चिकटून एक व्हावेत तशी ती पेशीच्या पटलात मिसळते. आतले रसायन फटीत पडते, आवरण पटलाचा भाग होते आणि पेशी ते पुन्हा आत ओढून नवी पुटिका भरते. मात्र दोन पटले आपणहून मिसळत नाहीत, त्यांना जवळ खेचावे लागते. पुटिकेवरचे सिनॅप्टोब्रेव्हिन आणि पेशीपटलावरची सिंटॅक्सिन व स्नॅप-२५ ही प्रथिने दोर वळावा तसा एकमेकांना पीळ घालतात. पीळ अर्धवट घालून थांबतात. कॅल्शियमचे आयन आत शिरले, की सिनॅप्टोटॅग्मिन हे प्रथिन त्यांना पकडते आणि मिलीसेकंदाच्या आत काम पुरे होते. १९९४ मध्ये थॉमस स्यूडॉफ यांच्या प्रयोगशाळेने हे प्रथिन बिघडवलेले उंदीर तयार केले. त्यांच्या चेतापेशींत संदेशाबरहुकूम होणारा झटपट स्राव नाहीसा झाला, रेंगाळत होणारा तेवढा राहिला. पिल्ले दोन दिवसांत मेली. (दोराची उपमाही फार ताणू नये. कॉम्प्लेक्सिन नावाचे प्रथिन हा पीळ अडवते की घट्ट करते, यावर अजून वाद आहेत.)

‘एवढे तपशील शाळेत कशाला?’ असे कोणी म्हणेल. भोरहून वरंधा घाट उतरले की महाड लागते. तिथे डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या रुग्णांना प्राझोसिन दिले आणि १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याविषयी लिहिले. लाल विंचवाचे विष चेतातंतूतील सोडियमची दारे बंद होऊ देत नाही. तंतू संदेशामागून संदेश धाडतो, कॅल्शियम पुन्हा पुन्हा आत येते, प्रथिने हुकूम पाळत राहतात आणि हृदयावर रसायनांचा पूर लोटतो. प्राझोसिन हा पूर थांबवत नाही. पलीकडच्या पेशींवरचे ग्राहक तेवढे ते अडवते.

धनुर्वातात उलटे घडते. तिथे यंत्रच तुटते. जंतूचे विष सिनॅप्टोब्रेव्हिन कापते, हे १९९२ मध्ये कळले. गंमत अशी, की बिघडलेल्या डबाबंद अन्नातले बॉट्युलिनम-बी हे विषही तेच प्रथिन नेमके त्याच जागी कापते. पण त्याने स्नायू लुळे पडतात, धनुर्वातात ते ताठरतात. बॉट्युलिनम स्नायूजवळच्या टोकातच काम करते, म्हणून आज्ञा पोहोचत नाही. धनुर्वाताचे विष चेतातंतूतून मज्जारज्जूपर्यंत चढते आणि ‘थांब’ म्हणणाऱ्या पेशींना मुके करते. फळ्यावरच्या त्या एका बाणात विंचू कुठे दाखवायचा आणि धनुर्वात कुठे?

पेशीत शिरलेल्या विषाला प्रतिविष गाठू शकत नाही. कापलेले प्रथिन सांधत नाही, नवे घडवावे लागते. त्यामुळे धनुर्वाताच्या रुग्णाला कित्येक आठवडे रुग्णालयात काढावे लागतात.