आहार्य आणि आंगिक : डेव्हिड बोवी यांचा अभिनय

रॉक संगीताच्या इतिहासात डेव्हिड बोवी (१९४७–२०१६) यांचे स्थान निर्विवाद असले, तरी नट म्हणून त्यांचा विचार करताना समीक्षक बहुधा संकोचतात. चित्रपटांनी गायकाची कीर्ती उसनी घेतली, एवढाच त्या अभिनयाचा अर्थ लावला जातो. हा निवाडा तपासून पाहण्याजोगा आहे.

त्याच्या मुळाशी बोवी यांच्या गायनप्रयोगांतील वेशभूषेचा प्रभाव आहे. १९७२ मध्ये त्यांनी ‘झिगी स्टारडस्ट’ हे काल्पनिक पात्र तांबडे केस, रंगविलेला चेहरा आणि विलक्षण पोशाख यांसह रंगमंचावर आणले व ३ जुलै १९७३ रोजी लंडनमध्ये त्याला निरोप दिला. त्यामुळे त्यांची कला, भरताच्या परिभाषेत, केवळ ‘आहार्या’वर म्हणजे वेश व रंगभूषा यांवर उभी आहे, असा समज रूढ झाला. परंतु त्यापूर्वीच, १९६७ च्या सुमारास, त्यांनी लिंडसे केम्प यांच्याजवळ मूकाभिनयाचे शिक्षण घेतले होते, हे या समजात विसरले जाते.

त्या शिक्षणाची कसोटी १९८० मध्ये लागली. बर्नार्ड पोमरन्स यांच्या ‘द एलिफंट मॅन’ या नाटकात त्यांनी विरूप देहाच्या जॉन मेरिकची भूमिका केली. ही विरूपता नटाने रंगभूषेवाचून दाखवावी, असा या नाटकाचा संकेत आहे. आहार्याचा आधार अशा रीतीने काढून घेतल्यावर केवळ देहाच्या ठेवणीतून आणि वाणीतून मेरिक उभा करावा लागतो. न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर बोवी यांनी तो केला.

नागिसा ओशिमा यांच्या ‘मेरी ख्रिसमस, मिस्टर लॉरेन्स’ (१९८३) या चित्रपटातही हेच आढळते. युद्धकैदी सेलियर्स मृत्युदंडाची वाट पाहत असताना कोणतीही वस्तू हाती नसता दाढी करण्याचा आणि धूम्रपानाचा मूकाभिनय करतो. मूकाभिनय येथे अलंकार राहत नाही; पारतंत्र्यातील माणसाचे ते अखेरचे स्वातंत्र्य ठरते.

‘जस्ट अ जिगोलो’ (१९७८) सारख्या चित्रपटात मात्र ही शक्ती दिसत नाही. लौकिक व्यवहारातील माणूस रंगविताना त्यांचा अभिनय फिका पडतो, ही मर्यादा मान्य केली पाहिजे. तथापि बोवी यांच्या कलेचा पाया मुखवटा नसून मुखवटा धारण करणारा शिक्षित देह होय, एवढे यातून सिद्ध होते. झिगीचेही पुनर्मूल्यमापन याच दृष्टीने व्हावयास हवे.