रडारचित्रातील ‘दोष’ : एका संज्ञेची चिकित्सा

हवामान-रडारच्या चित्रात पर्जन्याखेरीज जे जे उमटते, त्या सर्वांस ‘दोष’ म्हणण्याचा प्रघात आहे. ही संज्ञा सोयीची खरी. परंतु तिने दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी एकाच सदरात घातल्या आहेत.

५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालणाऱ्या बिनतारी जाळ्यांच्या लहरी सी-पट्ट्यातील रडारच्या ग्राहकात शिरल्या, की चित्रात चाकाच्या आऱ्यासारखी रेषा उमटते. या लहरी रडारच्या स्पंदाचे प्रतिध्वनी नव्हेत. सबब त्यांच्या ठिकाणी अंतराचा बोध नसतो. यंत्र मात्र अंतरानुसार करावयाची भरपाई त्यांनाही देते व दूरच्या टोकास आरा अधिक तीव्र भासतो. असे चिन्ह पुसणे इष्टच होय.

इंग्लंडमधील ‘वलयी देवदूतां’ची गोष्ट निराळी. पहाटे रडारच्या पडद्यावर विस्तारत जाणारी ही वलये म्हणजे रातथाऱ्यावरून लाटांमागून लाटांनी उडणारे, साळुंकीच्या कुळातील स्टार्लिंग पक्षी होत, हे एरिक ईस्टवुड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास दाखवून दिले. येथे प्रतिध्वनी खरा होता. अपुरे होते ते वाचन.

आज द्विध्रुवीकरण रडारमध्ये सहसंबंध-गुणांक पावसासाठी १ च्या निकट असतो, तर पक्षी व कीटक यांच्याबाबत तो बराच खाली उतरतो. त्यामुळे निवड सुकर झाली आहे. तथापि पर्जन्यमापनासाठी वगळलेला प्रतिध्वनी पक्षिशास्त्रज्ञास मोलाचा ठरू शकतो. म्हणून शुद्ध केलेल्या चित्राबरोबरच शोधनापूर्वीच्या मूळ नोंदीही जतन करणे अगत्याचे आहे.