सौजन्य कोणाचं?

'मी स्वतः वापरते, म्हणून सांगते.' आपल्या बायकांच्या जगात या वाक्याला फार किंमत आहे. लोणच्याचा मसाला, गुडघ्याचं तेल, लेकीच्या केसांना काय लावायचं, हे आपण दुकानदाराच्या शब्दावर ठरवत नाही. जाऊबाईच्या, शेजारणीच्या शब्दावर ठरवतो. दुकानदाराचा फायदा कशात आहे ते आपल्याला माहीत असतं, म्हणून त्याचं बोलणं आपण पाखडून घेतो. शेजारणीचं पाखडत नाही. मोबाइलवरच्या रीलमध्ये आज नेमकं हेच वाक्य विकलं जातं. बोलणारीला कंपनीने पैसे दिलेले असतात, नाहीतर वस्तू फुकट पाठवलेली असते, आणि ती ते सांगत नाही. माझा आक्षेप जाहिरातीला नाही, या न सांगण्याला आहे.

हा रोग मोबाइलनेच आणला असं मात्र समजू नये. २००९ च्या ऑक्टोबरात महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक झाली. तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण आपल्या आदिलाबादला लागूनच असलेल्या नांदेड जिल्ह्यात, भोकर मतदारसंघातून उभे होते. त्यांची वाहवा करणारी पानंच्या पानं मराठी दैनिकांत बातमीच्या वेषात आली. 'अशोक पर्व' हे नाव तेव्हा गाजलं. पत्रकार पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'त दाखवून दिलं की एकच मजकूर वेगवेगळ्या दैनिकांत शब्दशः तसाच छापला गेला होता. निवडणूक खर्चात वर्तमानपत्री जाहिरातींपोटी दाखवलेली रक्कम होती ५,३७९ रुपये. पैसे दिल्याचा आरोप चव्हाणांनी नाकारला. २०१४ मध्ये निवडणूक आयोगाने त्यांच्या हिशेबावर ठपका ठेवला, पण दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा तो आदेश त्याच वर्षी रद्द केला. तेव्हा पैसे दिले की नाही, हा निवाडा मी करायला बसलेली नाही. मला खटकतं ते दुसरंच. वाचणाऱ्याला बातमी कुठली आणि वाहवा कुठली, हे ओळखायला पानावर काही खूण नव्हती.

पुढची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. 'पेड न्यूज'चा तपास करायला प्रेस कौन्सिलने परंजय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांची समिती नेमली. त्यांनी ७१ पानांचा अहवाल दिला, नावानिशी. २०१० मध्ये कौन्सिलने स्वतःचा छोटा अहवाल काढला आणि तो मोठा बाजूला ठेवला. माहिती आयोगाने सांगितल्यावर २०११ मध्ये तो लोकांसमोर आला. झाकाझाकीवरचा अहवालच झाकला गेला! मोठ्यांचं हे असं, मग रील करणाऱ्या पोरीबाळींनाच का बोल लावायचा?

बोल लावायचा, कारण पोरीबाळींचा शब्द आपल्या स्वयंपाकघरात येतो. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने नियम स्पष्ट केले. पैसे, फुकट वस्तू, सहल, काहीही मिळालं असेल तर ते ठळकपणे सांगायचं. व्हिडिओत लिहायचं आणि बोलायचंही. हॅशटॅगच्या गर्दीत दडवायचं नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. आणि ज्या भाषेत शिफारस, त्याच भाषेत हा खुलासा. हा शेवटचा नियम मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. भीमपूरसारख्या ठिकाणी घरात मराठी, बाजारात तेलुगू, शेजारी गोंडी. अस्सल वऱ्हाडी बोलून तेल विकायचं आणि कोपऱ्यात इंग्रजीत मुंगीएवढ्या अक्षरांत 'ॲड' लिहायचं, याला सांगणं म्हणत नाहीत.

कुणी म्हणेल, वस्तू चांगली असली तर बिघडलं कुठे? आपण पाकिटावरचा हिरवा ठिपका बघून खाऊ घेतो. तो ठिपका पदार्थाच्या चवीबद्दल काहीच सांगत नाही. आत काय आहे ते सांगतो आणि निवड आपल्यावर सोडतो. तो नसेल तर पदार्थ कितीही चवदार असू दे, आपण हात लावू का? जाहिरातीची खूणही तशीच आहे. शिवाय आपल्याला हे शिकवायला सरकार कशाला हवं? तत्त्वार्थसूत्रात अचौर्य व्रताचे अतिचार सांगितलेत, त्यात एक 'प्रतिरूपक व्यवहार' आहे. म्हणजे खऱ्यासारखं दिसणारं खऱ्यात मिसळून विकणं. आपण तो तुपातल्या भेसळीपुरता समजतो. पण शब्दातही भेसळ होते. आणि चार कषायांतली माया ती हीच: आत एक, बाहेर एक. लक्षात घ्या, शास्त्राने हा अतिचार खोटं बोलण्याखाली नाही, चोरीखाली घातला आहे. चोरी कशाची? ऐकणारीच्या विश्वासाची. तो तिने शेजारधर्माने दिला होता, विकायला दिला नव्हता.

दुसरा प्रश्न जास्त खरा आहे. घरात बसून चार पैसे मिळवणाऱ्या बाईच्या पोटावर पाय का आणायचा? मुळीच आणू नये. ज्या बाईला आयुष्यभर भाजी आणायलाही हात पसरावा लागला, तिच्या हातात स्वतःची कमाई आली तर मला आनंदच आहे. पण कष्टाची कमाई लपवावी का लागते? 'या कंपनीने मला पैसे दिलेत, तरी मला हे आवडलं ते असं आणि खटकलं ते असं,' असं सांगणारीवर माझा विश्वास वाढेल, कमी होणार नाही.

आपल्या समाजाला तर ही रीत नवी नाही. आपण बोली चार माणसांत मोठ्या आवाजात लावतो. मंदिराच्या पायरीवर, धर्मशाळेच्या भिंतीवर देणाऱ्याचं नाव संगमरवरात कोरतो. देणं एवढं उघड करणाऱ्यांना घेणं उघड करायला लाज का वाटावी? चातुर्मासाच्या पत्रिकेवर, दिनदर्शिकेच्या पानाखाली एक साधा शब्द वर्षानुवर्षं छापला जातो: 'सौजन्य'. पुढे दुकानाचं नाव. कुणाला फसवल्यासारखं वाटत नाही, कुणाचा मान जात नाही. तोच शब्द रीलच्या सुरुवातीला मराठीत, मोठ्याने म्हणावा. आणि तो ऐकू आला नाही, तर आपण बायांनी खाली सरळ विचारावं, 'ताई, सौजन्य कोणाचं?'