पळसनाथ मंदिर, पळसदेव
पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यातील भीमाकाठचे प्राचीन शिवमंदिर. भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या जलाशयात जुने पळसदेव गाव बुडाले. देवतेची स्थापना नव्या गावठाणात झाली. मूळ वास्तू मात्र पाण्यातच राहिली. जलाशय फार आटला, म्हणजे ती उघडी पडते व प्रेक्षक होडीने तेथे जातात. २०२४ च्या उन्हाळ्यात ती अशीच दृग्गोचर झाली.

मंदिराचा खालचा भाग घडीव दगडांचा, तर शिखर विटांचे असून ते भूमिज पद्धतीचे आहे. लघुशिखरांच्या आडव्या रांगा वर लहान होत जात असल्याने त्याला उंचीचा भास व डौल लाभतो. दगडी भाग टिकला यात नवल नाही. वीटकामही उभे राहिले, यात जुन्या गवंड्यांचे कौशल्य दिसते. तथापि वारंवार भिजण्यासुकण्याने विटांचे सांधे झिजतात. पाण्यातून वर येणाऱ्या शिखराचे दृश्य मोहक असले, तरी तेवढ्यावरच थांबणारे कौतुक अपुरे ठरते. ही वास्तू जवळून पारखण्याची संधी बहुधा अवर्षणाच्या वर्षीच मिळत असल्याने तिचे तपशीलवार आलेखन अशा प्रत्येक वेळी होणे अगत्याचे आहे.