स्लीव्ह की बायपास? गंभीर रिफ्लक्सवाले अभ्यासात होतेच कुठे?

वजन कमी करण्याच्या ऑपरेशनची चौकशी करायला गेलात की एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘स्लीव्ह आणि बायपास, दोन्हींचा रिझल्ट जवळपास सारखाच. स्लीव्ह जरा सोपी, तीच करून टाकू.’ हे वाक्य काही हवेतून आलेलं नाही. त्याच्यामागे दोन मोठे, मेहनतीने केलेले अभ्यास आहेत. पण तुम्हाला वर्षानुवर्षं, गोळ्यांनाही दाद न देणारं ॲसिड रिफ्लक्स असेल (डॉक्टरांच्या कागदावर ‘जीईआरडी’ लिहिलेलं असतं ते), तर हे वाक्य तुम्हाला लागू आहे का? आज तेच तपासू. मी डॉक्टर नाही. शोधनिबंध वाचणं आणि आकडे कुठून आले ते बघणं एवढंच माझं काम, त्यामुळे हा लेख सल्ला म्हणून वाचू नका. डॉक्टरांना काय विचारायचं, त्याची तयारी म्हणून वाचा.

आधी एक उदाहरण डोळ्यांसमोर ठेवू. समजा, नवी पेठेत कापडाचं दुकान असलेले एक काका आहेत. दिवसभर गल्ल्यावर बैठक, दुपारचा डबा चार वाजता. रात्री दुकान वाढवून घरी गेले की साडेदहाला कडक भाकरी, शेंगाची चटणी, आणि जेवल्या जेवल्या आडवं. उंची १७० सेंटीमीटर, वजन १०७ किलो, म्हणजे बीएमआय ३७. पँटोप्राझोल दोन वेळा चालू आहे, तरी रात्री आंबट पाणी घशाशी येतं, म्हणून डोक्याखाली तीन उशा. असे काका काल्पनिक असले तरी तुमच्या ओळखीत एखादे असतीलच. त्यांच्यासाठी कोणतं ऑपरेशन?

दोन्ही ऑपरेशनं थोडक्यात समजून घेऊ. जठर ही ताणली जाणारी पिशवी आहे. स्लीव्हमध्ये तिचा बाहेरच्या बाजूचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कापून कायमचा काढून टाकतात. उरते केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी. ही नळी फारशी ताणली जात नाही, आणि तिच्या खालच्या टोकाची झडप जशीच्या तशी असते. म्हणजे आत दाब वाढला की त्याला सोपी वाट वरचीच, अन्ननलिकेकडे. त्यात वरची झडप आधीच ढिली असेल, तर पुढचं सांगायला नको.

बायपासमध्ये (हा हृदयाचा नव्हे, जठराचा, आपल्याकडे घरोघरी हा गोंधळ होतो) जठराच्या वरच्या टोकाची साधारण ३० मिलीलीटरची छोटी पिशवी वेगळी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. उरलेलं जठर पोटातच राहतं, फक्त अन्नाच्या वाटेवरून बाजूला पडतं. छोट्या पिशवीत ॲसिड तयार करणाऱ्या पेशी कमी असतात, आणि यकृतातून येणारं पित्त मीटर-दीड मीटर खाली जाऊन अन्नाला मिळतं. त्यामुळे वर यायला फारसं काही उरत नाही. रचना बघूनच रिफ्लक्ससाठी बायपास बरा वाटतो. पण रचना बघून वाटणं वेगळं आणि माणसांवर मोजून दिसणं वेगळं, म्हणून अभ्यासांकडे जाऊ.

पहिला अभ्यास स्वित्झर्लंडचा, नाव ‘एसएम-बॉस’. दुसरा फिनलंडचा, ‘स्लीव्हपास’. दोन्हींचे पाच वर्षांचे निष्कर्ष २०१८ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. पहिल्यात २१७ माणसं, दुसऱ्यात २४०. कुणाला कोणतं ऑपरेशन, हे चिठ्ठी टाकावी तसं ठरवलं होतं. तुलना खरी व्हायची तर हाच उत्तम मार्ग, त्यामुळे पद्धतीला नावं ठेवायचं कारण नाही.

आता ‘सारखाच रिझल्ट’ कुठून आला ते बघा. स्वित्झर्लंडच्या अभ्यासात पाच वर्षांनी स्लीव्हवाल्यांचा जादा बीएमआय ६१.१ टक्के उतरला होता, बायपासवाल्यांचा ६८.३ टक्के. आकडेशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकला नाही. फिनलंडमध्ये जादा वजनातली घट ४९ आणि ५७ टक्के. त्या संशोधकांनी आधीच ठरवलं होतं, की दोन्ही आकडे ९ टक्क्यांच्या पट्ट्यात आहेत असं खात्रीने म्हणता आलं, तरच दोन्ही ऑपरेशनं समान म्हणायची. तशी खात्री देता आली नाही. म्हणजे ‘समान आहेत’ हे सिद्ध झालं नाही, आणि ‘समान आहेत हे सिद्ध झालं नाही’ याचं बोलता बोलता ‘समानच आहेत’ झालं! ही पहिली गफलत, आणि ती अभ्यासाची नाही, तो सांगणाऱ्यांची आहे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. दोन्ही अभ्यासांचा मुख्य प्रश्न वजनाचा होता. रिफ्लक्स हा दुय्यम प्रश्न. पण त्या दुय्यम रकान्यात काय दिसतं? स्वित्झर्लंडच्या अभ्यासात ज्यांना सुरुवातीपासून रिफ्लक्स होता, त्यांच्यापैकी बायपासनंतर ६०.४ टक्के लोकांचा त्रास गेला, स्लीव्हनंतर फक्त २५ टक्क्यांचा. त्रास वाढला किंवा औषध वाढवावं लागलं, असे लोक स्लीव्हमध्ये ३१.८ टक्के, बायपासमध्ये ६.३ टक्के. आणि ज्यांना आधी काहीच त्रास नव्हता, त्यांच्यातही स्लीव्हनंतर साधारण तिघांत एकाला नव्याने सुरू झाला. बायपासनंतर हे प्रमाण दहांत एकाच्या आसपास. वजनात ‘सारखाच’ असलेला रिझल्ट रिफ्लक्समध्ये अजिबात सारखा नाही.

आता मूळ मुद्दा. शोधनिबंधात ‘कुणाला वगळलं’ असा एक छोटा परिच्छेद असतो. बहुतेक जण तो वाचत नाहीत. स्वित्झर्लंडच्या अभ्यासातून कोण वगळलं गेलं? औषध घेऊनही तीव्र रिफ्लक्स असलेले, आणि मोठा हायेटस हर्निया असलेले (जठराचा वरचा भाग पडद्यातून छातीत सरकलेला असतो तो). फिनलंडच्या अभ्यासातून? मोठ्या हर्नियासह तीव्र रिफ्लक्स असलेले. म्हणजे गोळ्या चालू असूनही तीन उशा घेऊन झोपणाऱ्या आपल्या काकांना स्वित्झर्लंडमध्ये दारातूनच परत पाठवलं असतं. हर्निया मोठा निघाला असता, तर फिनलंडमध्येही. ज्या सरासरीच्या जोरावर त्यांना ‘दोन्ही सारखंच’ सांगितलं जातंय, त्या सरासरीत त्यांच्यासारखा माणूसच नाही.

मग त्यांच्यासाठी पुरावा शून्य का? मला तसं वाटत नाही. दोन गोष्टी सांगता येतात. एक, ज्यांचा रिफ्लक्स त्या मानाने सौम्य होता, त्यांच्यातच स्लीव्हने एवढा त्रास वाढवला. तीव्रवाल्यांमध्ये चित्र उलटं होईल, असं मानायला काही आधार लागेल, आणि तो दिसत नाही. दोन, वगळणं हीच एक साक्ष आहे. चिठ्ठी टाकून ऑपरेशन ठरवायचं, तर दोन्ही पर्याय रुग्णाला बऱ्यापैकी योग्य आहेत अशी डॉक्टरांची खात्री असावी लागते. तीव्र रिफ्लक्सवाल्यांच्या बाबतीत त्यांना नशिबावर सोडणं संशोधकांना पटलं नाही. ज्या कारणाने त्यांना अभ्यासात घेतलं नाही, तेच कारण दवाखान्यात स्लीव्ह सुचवताना आठवायला हवं.

यावर कुणी म्हणेल, जळजळ काय, गोळीने थांबते. इथे फिनलंडचाच दहा वर्षांचा निष्कर्ष कामाला येतो. तो २०२२ साली आला. तेव्हा दुर्बीण घालून, म्हणजे एंडोस्कोपी करून, अन्ननलिका प्रत्यक्ष पाहिली होती. अन्ननलिकेला सूज किंवा जखमा स्लीव्हनंतर ३१ टक्के लोकांत, बायपासनंतर ७ टक्के. छातीत जळजळ नाही म्हणजे आत सगळं ठीक आहे, असं नसतं. गोळी त्रास दाबते. आत काय चाललंय ते दुर्बिणीनेच कळतं.

मात्र इथे स्लीव्हच्या विरोधकांचीही एक अतिशयोक्ती सांगायला हवी. सततच्या ॲसिडने अन्ननलिकेचं अस्तर बदलतं, त्याला ‘बॅरेट’ म्हणतात. त्यातून काही थोड्या लोकांना पुढे कॅन्सर होऊ शकतो. २०१७ च्या एका इटालियन अभ्यासात स्लीव्हनंतर पाचेक वर्षांत १७.२ टक्के लोकांत बॅरेट दिसला, आणि तो आकडा खूप फिरला. पण त्यात ११० माणसं होती आणि तुलनेला बायपासचा गट नव्हता. फिनलंडच्या दहा वर्षांत हे प्रमाण दोन्हीकडे ४ टक्केच निघालं. एवढी तफावत असेल तर घाबरवणारा आकडा तेवढा उचलणं बरोबर नाही. स्लीव्हविरुद्धची केस सूज आणि त्रासाच्या आकड्यांवर पक्की उभी आहे. तिला बॅरेटच्या भीतीचा टेकू लागत नाही.

तिसरा पर्यायही कुणीतरी सुचवतं: मिनी बायपास. यात दोनाऐवजी एकच जोड असतो, वेळ कमी लागतो, आपल्याकडे ही शस्त्रक्रिया बरीच होते. पण इथे मराठीतल्या एका शब्दाकडे लक्ष द्या. आपण ‘पित्त झालं’ म्हणतो तेव्हा बहुतेकदा ॲसिड म्हणायचं असतं. मिनी बायपासमध्ये प्रश्न खऱ्या पित्ताचा आहे, यकृतातल्या हिरवट-पिवळ्या. एकाच जोडामुळे ते जठराच्या पिशवीपर्यंत येऊ शकतं, आणि ॲसिड कमी करणारी गोळी त्याला थांबवत नाही. फ्रान्सच्या ‘योमेगा’ अभ्यासात दोन वर्षांनी मिनी बायपासवाल्या १६ टक्के लोकांच्या पिशवीत पित्त दिसलं, नेहमीच्या बायपासमध्ये एकाच्याही नाही. आणि त्या अभ्यासातून कोणाला वगळलं होतं? तीव्र रिफ्लक्स आणि बॅरेटवाल्यांना. तिसऱ्यांदा तेच.

म्हणून बायपास म्हणजे सगळं गोड, असंही नाही. स्वित्झर्लंडमध्ये पाच वर्षांत पुन्हा ऑपरेशन किंवा तशी उपाययोजना बायपासवाल्यांपैकी २२.१ टक्क्यांना लागली, स्लीव्हवाल्यांपैकी १५.८ टक्क्यांना. बायपासनंतर लोह, बी-१२, कॅल्शियम जन्मभर घ्यावं लागतं. घर शाकाहारी असेल आणि पाळीत रक्त जास्त जात असेल, तर ही गोष्ट गंभीर आहे. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या बंद, कारण जोडाजवळ अल्सर होतो. बिडी-सिगारेटचंही तेच. गोड खाल्लं की घाम, धडधड, चक्कर येऊ शकते. आतडं आतल्या फटीत अडकण्याचा धोका वर्षांनंतरही राहतो. बाजूला पडलेल्या जठरात साध्या दुर्बिणीने पोचता येत नाही. हे सगळं काकांना आधी सांगायला हवं. रिफ्लक्स सौम्य असेल, एंडोस्कोपी स्वच्छ असेल आणि हे नियम पाळणं जमणार नसेल, तर स्लीव्ह निवडणं वेडेपणाचं नाही. तीव्र रिफ्लक्समध्ये मात्र पारडं बायपासकडे स्पष्ट झुकतं.

एक शेवटची टीका, ती संशोधनावर नाही. इर्डाईने २०१९ साली आरोग्य विम्याच्या अपवादांची ठराविक भाषा घालून दिली. त्यानुसार वजनाचं ऑपरेशन विम्यात बसायला बीएमआय ४० लागतो, किंवा ३५ आणि सोबत चारपैकी एक आजार: लठ्ठपणामुळे झालेला हृदयाच्या स्नायूंचा आजार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र त्रास, किंवा आटोक्यात नसलेला मधुमेह. यादीत रिफ्लक्स नाही. काकांचा बीएमआय ३७. बाकी काही नसेल, तर ज्या आजारामुळे ऑपरेशनची निवड ठरते, तो क्लेमसाठी मोजलाच जात नाही. ऑपरेशनची तारीख घेण्याआधी पॉलिसीतलं हे कलम वाचून घ्या.

डॉक्टरांकडे जाताना हे प्रश्न कागदावर लिहून न्या:

१. ऑपरेशनआधी एंडोस्कोपी करणार ना? सूज कोणत्या ग्रेडची? ए ते डी अशा चार पायऱ्या असतात. सी किंवा डी असेल तर स्लीव्ह का, हे स्पष्ट विचारा.

२. हायेटस हर्निया आहे का, किती मोठा?

३. निदानाबद्दल शंका असेल तर २४ तासांची पीएच तपासणी आणि अन्ननलिकेच्या हालचालीची मॅनोमेट्री करायची का? या सगळीकडे होत नाहीत, कुठे होतील तेही विचारा.

४. स्लीव्ह सुचवत असाल, तर ज्या अभ्यासाच्या आधारे सुचवताय त्यात माझ्यासारखे रुग्ण होते का?

५. नंतर किती वर्षांनी एंडोस्कोपी? बेरियाट्रिक सर्जनांच्या ‘इफ्सो’ या आंतरराष्ट्रीय संघटनेने स्लीव्ह आणि मिनी बायपासनंतर एका वर्षाने, मग दर दोन-तीन वर्षांनी करावी असं म्हटलं आहे. ऑपरेशन पुण्याला केलं तरी ही तपासणी सोलापुरात होते, हुतात्मा पकडायची गरज नाही.

चौथा प्रश्न विचारायला थोडा संकोच वाटेल. तरी विचाराच. चांगल्या सर्जनला त्याचा राग येणार नाही, आणि राग आलाच, तर दुसरं मत घ्यायला तेवढं कारण पुरेसं आहे.