‘बलुतं’मधील व्यसन आणि वस्तीचा निवाडा

दया पवार यांच्या ‘बलुतं’ (१९७८) या आत्मकथनातील व्यसनाच्या चित्रणाकडे पाहण्याच्या दोन पद्धती आपल्या अध्यापनात रूढ आहेत. एकीत दारू हे नैतिक अधःपतनाचे लक्षण ठरते, तर दुसरीत शोषणाचा अटळ परिणाम. दोहोंतही वस्तीची भूमिका केवळ भोगणाऱ्याची राहते. व्यसनाविषयी वस्ती स्वतः काही निवाडा करीत असते, ही बाब दुर्लक्षित होते.

नागपाड्याजवळच्या कावाखान्यातील जीवन या दृष्टीने पुन्हा वाचावयास हवे. गोदीत काम करणारे वडील दारूच्या आहारी गेलेले आहेत. भोवतीच्या स्त्रिया चिंध्या, कागद, काचा वेचून संसार ओढत आहेत. दगडू पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो, अशी या लेखनाची योजना आहे. एकाने ते घर भोगले, दुसरा शिकून त्या घरापासून दूर आला. त्यामुळे वडिलांविषयीची माया आणि त्यांच्या व्यसनाविषयीची चीड एकाच निवेदनात नांदू शकतात. वस्तीची वृत्तीही अशीच दुपदरी असते. पिण्याचा धिक्कार होतो. पिणाऱ्याला मात्र सहसा तोडले जात नाही.

या वृत्तीला संमती समजणे चुकीचे ठरेल. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने परवान्याविना पिणे हा गुन्हा ठरविला. ज्याला परवाना मिळविणे शक्य होते तो निर्धास्त राहिला. हातभट्टीवर जाणारा पोलिसांच्या हाती सापडला. अशा स्थितीत शेजाऱ्यांच्या मौनामागे घरातील कमावता माणूस तुरुंगात जाऊ नये, ही चिंताही असते. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक बळी घेतले, तेव्हा अशा मौनाची किंमतही उघड झाली. महिलांच्या मतदानाने परवानाधारक दुकान बंद करण्याची, म्हणजे ‘आडवी बाटली’ची, तरतूद राज्यात आहे. तेथे स्त्रियांचा निवाडा निदान मोजला जातो. हातभट्टीसमोर मात्र मतपेटी ठेवता येत नाही.

‘बलुतं’ची मर्यादाही येथेच जाणवते. स्त्रियांचा कौल आपल्यापर्यंत मुलाच्या मुखातून पोहोचतो. आईने स्वतः मांडलेली बाजू तेथे नाही. आपल्या वर्गात अशाच वस्त्यांतून आलेले विद्यार्थी असतात. हा भाग शिकविताना आपण त्यांच्या घराचे केवळ रोगनिदान करतो, की त्या घरात चाललेला विचारही ऐकतो, यावर अध्यापनाचा प्रामाणिकपणा ठरेल.